एक नंबर आबांचा

पडेगावात दौलताबाद रोडला लागून जी वस्ती आहे, तिथं पुंडलिक आबांचं घर विचारलं तर लोक आता बोट करून दाखवतात. पूर्वी विचारावंच लागत नसे. सकाळी बंबातलं पाणी तापेपर्यंत आबा ओट्यावर बसून गळा मोकळा करायचे, आणि तो आवाज ऐकून रस्त्यावरचे ट्रकसुद्धा हळू व्हायचे, असं वस्तीतली माणसं शपथेवर सांगतात. ट्रक हळू व्हायचे ते समोरच्या गतिरोधकामुळं, हे सांगणाऱ्यांनाही माहीत आहे. पण आबांची गोष्ट निघाली की गतिरोधकाचं नाव कुणी काढत नाही.

आबांची नोकरी महापालिकेच्या पाणीपुरवठ्यात, व्हॉल्व्ह फिरवायची. खांद्यावर लांबलचक लोखंडी चावी टाकून गल्लीबोळ हिंडायचं, ज्या भागाची पाळी असेल तिथलं झाकण उचलायचं आणि पाणी सोडायचं. बायका हंडे मांडून उभ्या असायच्या, आणि व्हॉल्व्ह फिरवणारा दिसला की आधी शिव्यांचा पट्टा सुटायचा. आबांच्या वाट्याला तो कधी आला नाही, कारण ते चावी फिरवता फिरवता गायचे. तोंड उघडलेली बाई क्षणभर गाणं ऐकत राहायची आणि तेवढ्यात नळाला पाणी आलेलं असायचं. सगळी नोकरी त्यांनी अशी गात गात काढली.

पण आबा खरे दिसायचे ते गायन पार्टीत. बाबासाहेबांच्या जयंतीला जो मोसम सुरू व्हायचा तो पेरणीपर्यंत चालायचा. कधी सिल्लोड, कधी शेंद्रा, कधी कुठलं तरी आडगाव, जिथं टेम्पो जाईल तिथं. ढोलकीला सिल्लोडचा मोतीराम, पेटीला त्या दिवशी जो मोकळा असेल तो, आणि कोरसला आबांची बायको कडूबाई. कोरस म्हणायचा, पण होती ती एकटीच. दुसऱ्या बाया दोनदा आल्या आणि तिच्यापुढं आपला आवाज निघत नाही म्हणून यायच्या बंद झाल्या.

पार्टीकडं माईक दोनच. त्यांच्या मुठीवर कडूबाईनं नखांना लावायच्या लाल रंगानं आकडे काढले होते. एक नंबर आबांचा, दोन नंबर तिचा. यात कधी बदल झाला नाही. एकदा एका गावच्या पुढाऱ्यानं भाषणाला एक नंबर मागितला, तर मोतीरामनं त्याला सरळ दोन नंबर दिला आणि म्हणाला, "साहेब, ह्यो लई चांगलाय, घ्या." माईक मांडायचं काम आबांचा मुलगा इंद्रजीतचं होतं. शाळकरी पोरगा असल्यापासून तो वायरी पसरायचा, ॲम्प्लिफायरचा डबा जोडायचा आणि दोन्ही माईकवर फुंकर मारून ओरडायचा, "एक नंबर आबांचा! दोन नंबर आईचा!" लोक हसायचे आणि मग गाणं सुरू व्हायचं. वायरींचा हात त्याला तिथंच बसला. पुढं तो शिकला आणि शेंद्र्याच्या एका कारखान्यात कॉम्प्युटरच्या खात्यात लागला. तिथंही काम तेच, हे त्याला जोडायचं आणि ते ह्याला.

कडूबाईची एक खोड होती. आबांनी ओळ टाकली की ती उचलायला तिला जरासा उशीर व्हायचा. आबांनीच रचलेलं एक गाणं होतं, बायकोला अक्षर शिकवणाऱ्या नवऱ्याचं. "पाटी घे गं हाती" एवढं आबा म्हणायचे, आणि "उजेड पडंल दारात" हे कडूबाईनं म्हणायचं. ती नेमकी अर्ध्या मात्रेनं मागं यायची. मोतीराम डोळे वटारायचा, आबा घरी आल्यावर रागवायचे, ती "व्हय व्हय" म्हणायची, आणि पुढच्या कार्यक्रमात पुन्हा तेच. सिल्लोडच्या कार्यक्रमात ऐन गाण्यात लाइट गेली. माईक मेले. कार्यक्रम भरून घ्यायला ठेवलेला टेपरेकॉर्डर मात्र सेलवर चालत होता. अंधारात ढोलकी थांबली नाही, आबांनी ओळ टाकली, कडूबाई नेहमीसारखी उशिरा आली, आणि मोतीरामचे डोळे अंधारात दिसत नाहीत हे लक्षात येऊन तिला हसू फुटलं. ते हसू टेपमध्ये आलं. ओळीच्या मधोमध, खुदकन.

कडूबाई कोरोनात गेली. दवाखान्यात नेली ती पायांनी चालत, आणि नंतर तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. आबा त्यानंतर गायचे बंद झाले. घसा बसला तेव्हा सगळ्यांना वाटलं, रडून रडून बसला असेल. मग खडीसाखर झाली, ज्येष्ठमध झाला, काढे झाले. कॅन्सरच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत आवाजाची पेटीच काढायची वेळ आली होती. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की जीव वाचेल पण बोलणं कायमचं जाईल. आबांनी इंद्रजीतकडं पाहिलं आणि मान डोलावली. गळ्याला पुढून भोक पडलं, त्यावर पांढरं फडकं आलं. ज्याच्या आवाजावर नळाला पाणी यायचं म्हणून वस्ती चेष्टा करायची, त्या माणसाला आता पाणी मागायलाही हातवारे करावे लागत होते.

सून सुलेखा हुशार. तिनं एक वायरलेस बेल आणली. बटण आबांच्या सदऱ्याच्या खिशात, आणि वाजायचा डबा मागच्या खोलीत, भिंतीच्या सॉकेटला. आबांनी बटण दाबलं की डबा वाजायचा आणि घरातलं कुणीतरी धावत यायचं. बोलायला लहान पोरांची पुसायची पाटी होती. हाताला मात्र जुनी सवय राहिली होती. बसल्या बसल्या आबा टेबलावर, खाटेच्या लाकडावर, ताटाच्या काठावर बोटांनी ठेका धरायचे. घरात तो ठेका वाजत असला की सुलेखा निवांत असायची. आबा बरे आहेत, एवढं त्यातून कळायचं.

पार्टीच्या सगळ्या कॅसेटी इंद्रजीतनं आधीच कॉम्प्युटरमध्ये भरून घेतल्या होत्या. मूळ कॅसेटींना बुरशी आली, पट्ट्या चिकटल्या, तेव्हा आबांनीच त्या भंगारात द्यायला सांगितल्या. आता सगळी गाणी पुढच्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये होती. आबा तो लावायला शिकले होते. रोज सकाळी चहा झाला की ते सिल्लोडचं गाणं लावायचे, डोळे मिटायचे, आणि हसू यायच्या जागेवर त्यांची बोटं आपोआप थांबायची. आपला आवाज ऐकायला ते बसत नव्हते. आपला आवाज त्यांना नकोसाच झाला होता. ते बायकोला भेटायला बसत होते.

तो कॉम्प्युटर कुरकुरायला लागला. सुरू करताना आतून टक टक आवाज यायचा, कधी सुरूच व्हायचा नाही. इंद्रजीतनं उघडून पाहिलं आणि त्याचं तोंड उतरलं.

"आबा, डिस्क जाऊ राहिली ह्याची," तो म्हणाला. "लई दिवस नाय काढायची. जागची हलवली तर बसंल कायमची. पेनड्राइव्ह लावायची भोकंबी मेलीत. आहे तिथून, आहे तशी, एका दमात सगळं काढून घ्यावं लागंल."

आबांनी पाटीवर लिहिलं, 'काढ.'

इंद्रजीतच्या मनात याहून मोठा बेत होता. पुढच्या खोलीत जागा नव्हती म्हणून नवा, ताकदीचा कॉम्प्युटर त्यानं मागच्या खोलीत मांडून ठेवला होता. माणसाचं जुनं रेकॉर्डिंग दिलं की त्यावरून कॉम्प्युटर त्याचा आवाज शिकतो, आणि मग मोबाइलवर लिहिलेलं त्याच आवाजात बोलून दाखवतो, हे त्यानं कारखान्यात करून बघितलं होतं. आबांची इतकी वर्षांची गाणी, मधल्या गप्पा, लोकांना दिलेल्या कोपरखळ्या, सगळं त्यात घालायचं. आबा पाटीऐवजी मोबाइलवर लिहितील आणि मोबाइल आबांच्या आवाजात म्हणेल, 'सुलेखा, चहा टाक गं.' हे सांगताना त्याचे डोळे भरून आले होते. आबांनी मान डोलावली. पोराचं मन मोडायला नको म्हणून डोलावली, हे खरं. त्यांना हवं होतं ते एक खुदकन हसू, ते नीट जागेवर पोहोचलं की झालं.

घरातलं वायफाय पुढच्या खोलीपर्यंत धड पोहोचत नव्हतं. त्यावरून एवढं सगळं काढायचं तर दिवस गेला असता, आणि मध्येच तुटलं असतं तर डिस्क पुन्हा उठली नसती. म्हणून इंद्रजीतनं थेट जोडायचं ठरवलं. कारखान्यातल्या मोठ्या मशिनी बदलल्या तेव्हा भंगारात निघालेली दोन वेगवान नेटवर्क कार्डं तो विचारून घेऊन आला होता. एक जुन्यात बसवलं, डिस्कला धक्का न लावता, श्वास रोखून. एक नव्यात बसवलं. मधे एक जाड केबल टाकली, ती पुढच्या खोलीतून स्वयंपाकघराच्या दाराच्या वरून मागच्या खोलीत नेली. या कॉम्प्युटरमधून निघायचं ते सरळ त्या कॉम्प्युटरमध्ये, मधे कुणी नाही. लहानपणी मांडवात वायरी ओढायचा तशाच त्यानं त्या खिळ्यांवरून ओढल्या, आणि आबा खाटेवर बसून बघत राहिले. त्यांना त्या दिवशी फार बरं वाटत होतं.

रविवारची सकाळ होती. सुलेखा वंदनेला विहारात गेली होती. मागच्या खोलीत सॉकेट एकच, त्यावर आबांच्या बेलचा डबा. इंद्रजीतनं तो काढून कपाटावर ठेवला आणि तिथं नव्या कॉम्प्युटरची पिन लावली. थोड्या वेळाचा प्रश्न होता, घरात तर आपण आहोतच, असं त्याला वाटलं असणार. आबांना त्यानं हे सांगितलं नाही.

मग नवा कॉम्प्युटर किती वेगानं भरून घेतो ते बघायला त्यानं त्यातल्या 'गाणी' नावाच्या कोऱ्या फोल्डरमध्ये मेहुण्याच्या लग्नाचा भलामोठा व्हिडिओ टाकून बघितला, आणि तो तिथंच राहिला. आणि पुढच्या खोलीत येऊन जुन्यासमोर बसला. दोन कॉम्प्युटर असे थेट जोडले की त्यांना नंबर वाटून द्यायला मधे कुणी नसतं, ते माणसानं द्यायचे असतात. इंद्रजीतनं कीबोर्डवर हात ठेवला, मागं वळून आबांकडं पाहिलं आणि मांडवातल्या पोरासारखा ओरडला, "एक नंबर आबांचा!"

आबा हसले. आवाज नाही, पण खांदे हलले. इंद्रजीतनं जुन्या कॉम्प्युटरला एक नंबर दिला. मागच्या खोलीत जाऊन नव्याला दोन दिला. घात झाला तो इथं, आणि तो मायेनं झाला. कारखान्यात रोज तो हेच काम करायचा, पण तिथं नवी मशीन नेहमी एक असायची आणि जुनी नेहमी दोन. त्यासाठी त्यानं एक छोटा प्रोग्राम लिहून ठेवला होता, तो डोळे झाकून चालवायचा. त्या प्रोग्रामला एवढंच माहीत होतं, की दोन नंबरवर जे आहे ते जसंच्या तसं एक नंबरवर न्यायचं, आणि दोनवर नसलेलं एकवर काही सापडलं तर ते त्याच वेळी पुसत जायचं. जुनं कुठलं आणि नवं कुठलं, हे त्याला विचारायची कुणी सोय केली नव्हती. कुठल्या परक्या माणसाच्या घरी इंद्रजीतनं ही चूक केली नसती. तिथं तो शांतपणे नव्याला एक म्हणाला असता.

आबांना त्यानं जुन्या कॉम्प्युटरसमोर खुर्चीवर बसवलं. त्यातला 'गाणी' फोल्डर उघडून दिला. गाण्यांची नावं खालपर्यंत दिसत होती. जयंतीची, शेंद्र्याची, सिल्लोडची.

"तुम्ही इथं बसा, नजर ठेवा," तो म्हणाला. "मी आतून सुरू करतो. कायबी झालं तरी ह्या केबलला हात लावायचा नाय. मधीच तुटली तर डिस्क मेलीच समजा. कळलं ना?"

आबांनी कळलं म्हणून हात वर केला. इंद्रजीत आत गेला.

कॉम्प्युटर टक टक करू लागला. आबा पडद्याकडं बघत होते. वरचं पहिलं नाव गेलं. खालची सगळी एक एक जागा वर सरकली. आबांना वाटलं, तिकडं जाऊ राहिलं, म्हणून इथून जात असेल. पाणीसुद्धा एका टाकीतून दुसऱ्या टाकीत सोडलं की पहिली रिकामी होतेच. मग दुसरं नाव गेलं, तिसरं गेलं. पण इंद्रजीत तर म्हणाला होता, इथलं इथं राहील, तिथं नुसती कॉपी जाईल. हे त्यानं चांगलं दोनदा सांगितलं होतं. आबा पडद्याजवळ वाकले. आणि तेवढ्यात यादीच्या खाली एक नवीन नाव उगवलं. मेहुण्याच्या लग्नाचं. ते इकडं कसं आलं?

आबांना कॉम्प्युटरमधलं फारसं कळत नसेल, पण कुठल्या नळीतून पाणी कुठं चाललंय एवढं ओळखण्यात त्यांचा जन्म गेला होता. हे उलटं चाललं होतं. तिकडचं इकडं येत होतं आणि इकडचं वाहून चाललं होतं.

त्यांनी खिशातलं बटण दाबलं. आत काही वाजलं नाही. पुन्हा दाबलं, दाबून धरलं, अंगठा पांढरा पडेपर्यंत. डबा कपाटावर पडला होता, पण ते त्यांना कुठं माहीत. त्यांनी तोंड उघडलं. सवयीनं उघडलं, पूर्ण, पहिली तान घेताना उघडायचे तसं. गळ्याच्या भोकातून नुसता वारा आला आणि फडकं फडफडलं. शेंद्र्याच्या मैदानात माईक बंद पडला तरी शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणारा तो माणूस, आणि आता स्वयंपाकघराच्या पलीकडं बसलेल्या लेकाला हाक पोहोचत नव्हती.

शेवटी त्यांनी दोन्ही हातांनी टेबल बडवायला सुरुवात केली. जिवाच्या आकांतानं बडवलं. पण त्या हातांचं दुर्दैव बघा. आयुष्यभर ठेक्यात पडलेले हात, ते घाबरले तरी ठेक्यातच पडले. लय वाढली, दुगण झाली, पण ताल सुटेना.

आतून इंद्रजीतचा आनंदानं भरलेला आवाज आला, "वा आबा! चालू द्या! लई दिवसांनी!"

आबांनी आणखी जोरानं बडवलं. आतून त्यानं टाळ्या द्यायला सुरुवात केली, बरोबर समेवर.

त्या वेळी आबांना पोटच्या पोराचा राग आला. असा राग त्यांना कधी कुणाचा आला नव्हता, ना दवाखान्याचा, ना त्या रोगाचा. पडद्यावर शेंद्र्याची गाणी संपून सिल्लोडची सुरू झाली होती. उठून आत जायचं तर गुडघे धरलेले, भिंत धरत धरत जाईपर्यंत काही उरलं नसतं. हाताशी होती फक्त केबल, आणि तिला हात लावायचा नव्हता. आबा भाबडेपणानं त्या शब्दाला जागत राहिले. लेक शिकलेला आहे, तो म्हणतो म्हणजे तसंच असेल, तोडली तर आहे तेही मरेल. ते केबलकडं बघत आणि पडद्याकडं बघत. 'पाटी घे गं' हे नाव यादीत वर वर सरकत आलं. ते सगळ्यात वर पोहोचलं, खाली नुसतं लग्न उरलं, तेव्हा आबांनी केबल धरली आणि सगळं अंग टाकून ओढली.

केबल निघाली. नाव तोवर गेलं होतं.

ठेका थांबला म्हणून नव्हे, केबल तुटली म्हणून इंद्रजीत धावत बाहेर आला. आबांच्या हातात केबल बघून तो भडकला.

"आबा! काय केलं हे? हात लावू नका म्हणलं होतं ना! लहान पोरगं आहे का तुम्ही? सगळी मेहनत पाण्यात घातली!"

आबा त्याच्याकडं बघत राहिले. पाटी खाटेवर होती. त्यांनी ती मागितली नाही, नुसतं पडद्याकडं बोट केलं. इंद्रजीत बोलत बोलत वळला. यादीत एकच नाव होतं. मेहुण्याचं लग्न. तो खाली वाकला, पुन्हा पुन्हा बघितलं, आत पळाला, तिथला फोल्डर बघून पुन्हा बाहेर आला. मग त्यानं हळूच जुन्या कॉम्प्युटरचा नंबर उघडून बघितला. एक. तो जमिनीवर बसला आणि आपल्याच तोंडात मारून घ्यायला लागला. आबांनी खुर्चीवरून वाकून त्याचा हात धरला. 

सुलेखा विहारातून आली तेव्हा दोघं तसेच बसलेले होते. तिला आधी वाटलं, कुणीतरी गेलं.

शहरातल्या एका दुकानात पुसलेलं परत काढून देतात, असं कळलं. दुकानातला मुलगा भला होता, त्यानं खोटी आशा लावली नाही. पुसलेलं कधी कधी निघतं, म्हणाला, पण पुसलेल्या जागेवर एवढा मोठा व्हिडिओ येऊन बसलाय, त्याच्या खालचं काही मिळायचं नाही. आजूबाजूचं बघू, डिस्क इथं घेऊन या. डिस्क न हलवता दुकानात नेता येत नाही. इंद्रजीतनं ती मऊ फडक्यात गुंडाळून, मांडीवर धरून, रिक्षावाल्याला खड्डे टाळायला सांगत नेली. दुकानात लावली तेव्हा तिनं टक टकसुद्धा केलं नाही.

मग कॅसेटीचा शोध झाला. जिथं जिथं पार्टी गेली होती तिथं तिथं इंद्रजीत फोन करत सुटला. सिल्लोडला मोतीरामकडं एक कॅसेट आहे म्हणाले. मोतीराम आता थकलाय, कानानं कमी ऐकतो. इंद्रजीत तिथं गेला, तेव्हा मोतीरामनं पत्र्याची पेटी उघडून दिली. कॅसेट पार्टीचीच होती, कडूबाई माईकसारखे कॅसेटींवरही काढायची तो लाल आकडा वर होता. लावली तर नातवानं त्यावर कधीतरी कार्टूनची गाणी भरून ठेवलेली. मोतीरामला ते ऐकूच आलं नाही. तो डोळे मिटून मान डोलवत बसला होता. "कडूबाईनं उशीर केला का रं?" त्यानं विचारलं. इंद्रजीत "व्हय काका" म्हणाला आणि घरी निघून आला.

आबांनी त्याला एकदाही दोष दिला नाही. तो मोठ्या मनाचा भाग नव्हता. त्यांच्यात दोष द्यायचीच ताकद राहिली नव्हती. एकदा पाटीवर लिहून दाखवलं, 'एक नंबर मलाही आवडला होता,' आणि लगेच पुसलं. इंद्रजीत त्यानंतर दोन घास जास्त जेवला म्हणून सुलेखाला बरं वाटलं.

आवाजाचा बेत त्यानं सोडला नव्हता. आबांचा नाही तर नाही, मोबाइलमध्ये तयार आवाज मिळतात, त्यातला एक भरदार पुरुषी आवाज त्यानं निवडला. आबांनी लिहिलं, मोबाइल बोलला, "नमस्कार, मी पुंडलिक बोलत आहे." बातम्या वाचणाऱ्या माणसासारखा स्वच्छ आवाज. सुलेखानं पदर तोंडाला लावला. आबांनी मोबाइल पालथा करून गादीखाली सरकवला, आणि तो विषय घरात पुन्हा निघाला नाही.

बेलचा डबा आता स्वतःच्या वेगळ्या सॉकेटवर आहे. इंद्रजीतनं तो सॉकेट खास बसवून घेतला, वर लाल अक्षरात लिहिलं, काढू नये. रोज सकाळी कामाला जाण्याआधी तो बटण दाबून बघतो. पण त्याचा खरा कान त्या डब्याकडं नसतो. टेबलावर, खाटेवर, ताटावर, कुठंही टकटक झाली की तो हातातलं टाकून धावतो. एकदा तो अंघोळ करत होता. आबांचं बोट चहाच्या कपावर सहज वाजलं, आणि हा साबणानं भरलेल्या अंगानं टॉवेल गुंडाळून समोर उभा. "काय झालं आबा? काय पायजे?" तोंड कसं, कोणीतरी मारल्यासारखं. आबांनी मान हलवली, काही नाही. "वाजवू राहिले होते का? वाजवा ना. वाजवा." तो तिथंच उभा राहिला, पाणी गळत, डोळे आबांच्या बोटांवर. आबांनी त्याच्यासाठी थोडं वाजवायचा प्रयत्न केला. हात चालेना. ज्या हातांचा ठेका ऐकून पोरगं त्या दिवशी टाळ्या वाजवत बसलं होतं, त्यांचा आवाज आता त्याला कसा ऐकू येतो, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

गेल्या एप्रिलात जयंतीची मिरवणूक दारावरून गेली. ढोल, ताशे, निळे झेंडे, पोरं नाचत होती. दरवर्षीसारखं लोकांनी आबांना ओट्यावर खुर्चीत आणून बसवलं, गळ्यात हार घातला, पाया पडले. मिरवणूक मुद्दाम थोडा वेळ तिथं थांबली. ढोलवाल्यानं आबांकडं बघून त्यांच्या आवडीचा ठेका धरला. इंद्रजीत गर्दीत, थोड्या अंतरावर, सुलेखाजवळ उभा होता आणि सगळं सोडून आबांच्या हातांकडं बघत होता.

आबांनी दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि मिरवणूक पुढं सरकेपर्यंत तसेच बसून राहिले.